डीटीबी एकच, तरी तीन युनिटे वेगळी: बस कंट्रोलरच्या अर्धवट वर्णनाचे एक प्रकरण

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील आमच्या लहानशा कार्यालयात १६ चॅनलचा एक डेटा रेकॉर्डर तयार होतो. कारखान्यातील पंप, कॉम्प्रेसर आणि मोटारींवर बसवलेल्या सेन्सरचे सिग्नल त्यात येतात, एडीसी ही चिप त्यांचे आकडे करते, एक एफपीजीए, म्हणजे आतली जोडणी हवी तशी ठरवता येणारी चिप, ते आकडे आपल्या १६ बिटांच्या रजिस्टरांत (आतल्या छोट्या साठवणजागांत) मांडून ठेवते आणि टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या एएम३३५एक्स मालिकेतील प्रोसेसरवर चालणारे लिनक्स ते वाचून साठवते. प्रोसेसर आणि एफपीजीए यांच्यामधील बस (आकड्यांची ने-आण करणाऱ्या तारांचा संच) जीपीएमसी, म्हणजे जनरल पर्पज मेमरी कंट्रोलर, नावाच्या भागाच्या ताब्यात असते. या प्रकरणाचा सगळा संबंध त्या कंट्रोलरशी, आणि त्याचे वर्णन कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, आम्ही डीटीबी या फायलीतून कसे दिले याच्याशी आहे.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात रबाळ्याच्या एका कारखान्यातून तक्रार आली. तिथे आमची १२ युनिटे आहेत. त्यांपैकी नऊ जुनी होती आणि त्यांचे कर्नल आम्ही जानेवारीत तिथेच जाऊन बदलले होते. उरलेली तीन एप्रिलमध्ये नव्याने बसवली होती. या तिघांच्या आलेखात मधूनच एखादा काटा उभा राहत होता. देखभाल विभागाच्या सुपरवायझरांनी फोनवर सांगितले ते असे: "साहेब, सकाळी एकदम नीट असतं. जेवणाची सुट्टी संपली की उड्या मारायला लागतं. संध्याकाळी सातनंतर परत गप्प." ही तिन्ही युनिटे पश्चिमेच्या पत्र्याच्या भिंतीला लागून असलेल्या पॅनेलमध्ये होती आणि दुपारी तीन वाजता त्या पॅनेलच्या आत ठेवलेला थर्मामीटर ५८ अंश दाखवत होता. जुनी नऊ युनिटेही त्याच शेडमध्ये होती. त्यांतली दोन तर त्याच भिंतीला. ती मात्र व्यवस्थित चालत होती.

पुढे जाण्यापूर्वी कर्नलला हार्डवेअरचे वर्णन का द्यावे लागते, हे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. पीसीआय किंवा यूएसबी बसवर जोडलेले उपकरण स्वतःची ओळख स्वतः देते; कर्नलने विचारले की ते आपला निर्माता-क्रमांक आणि उपकरण-क्रमांक सांगते. आयटूसी, एसपीआय किंवा जीपीएमसीसारख्या बसवर अशी सोय नाही. तिथे कोण बसले आहे, कोणत्या पत्त्यावर बसले आहे आणि त्याच्याशी किती वेगाने बोलायचे, हे आधीच कोणीतरी लिहून ठेवावे लागते. एआरएम प्रोसेसरांच्या बाबतीत हे लिखाण अनेक वर्षे कर्नलच्या आतच, प्रत्येक बोर्डासाठी वेगळ्या सी भाषेतील फायलीत होत असे. त्या फायलींची एवढी गर्दी झाली की २०११ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरव्हाल्ड्स यांनी तिच्याबद्दल उघड नाराजी व्यक्त केली आणि त्यानंतर एआरएमच्या शाखेने डिव्हाइस ट्रीकडे वळण घेतले. ही कल्पना तेव्हाही नवी नव्हती. सन आणि ॲपलच्या जुन्या संगणकांतील ओपन फर्मवेअरमध्ये, म्हणजे १९९४ च्या आयट्रिपलई १२७५ या मानकात, ती होतीच, आणि पॉवरपीसीवरील लिनक्स ती आधीपासून वापरत होते. हार्डवेअरचे वर्णन एका झाडाच्या रूपात डीटीएस फायलीत लिहायचे, डीटीसी या कंपायलरने त्याची डीटीबी ही बायनरी करायची आणि बूटलोडरने, म्हणजे यंत्र सुरू होताना कर्नलच्या आधी चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामने, ती कर्नलच्या हाती द्यायची, असा हा व्यवहार आहे.

या झाडात बस कंट्रोलर ही एक फांदी असते आणि त्या बसवरची उपकरणे तिची पाने असतात. पानाचा पत्ता फांदीच्या हिशेबात लिहायचा असतो, प्रोसेसरच्या हिशेबात नाही, आणि नव्या माणसाची पहिली चूक बहुधा इथेच होते. जीपीएमसीच्या फांदीखाली पत्ता दोन खणांचा असतो: पहिल्या खणात चिप सिलेक्टचा, म्हणजे बसवरील कोणत्या चिपशी बोलायचे ते निवडणाऱ्या लाइनचा, क्रमांक आणि दुसऱ्यात त्या चिप सिलेक्टच्या आतील अंतर. हा जोडपत्ता प्रोसेसरच्या नकाशावर कुठे येतो, ते फांदीवरील 'रेंजेस' या नोंदीत सांगायचे असते. आमचे एफपीजीए चिप सिलेक्ट १ वर आहे आणि त्याचा पट्टा हेक्स ०९०००००० पासून १६ एमबीचा आहे, कारण या कंट्रोलरमध्ये चिप सिलेक्टला १६ एमबीपेक्षा लहान तुकडा देताच येत नाही. कर्नल ३.२ वरून ५.१० वर येताना आमच्या एका तरुण सहकाऱ्याने पानाच्या 'रेग' या पत्त्याच्या नोंदीत थेट ०९०००००० लिहून टाकले होते, जसे जुन्या बोर्ड फायलीत लिहीत असत. डीटीसीने खणांची संख्या जुळत नसल्याची तक्रार केली आणि ती चूक तासाभरात दुरुस्त झाली. ती आठवण इथे सांगण्याचे कारण असे की आकाराची चूक यंत्राला दिसते. पुढे जी चूक निघाली, ती तशी नव्हती.

तक्रार आल्यावर पहिला संशय अर्थातच हार्डवेअरवर गेला. तीन नवी युनिटे नव्या बॅचची होती आणि त्या बॅचमध्ये रॅमची चिप बदललेली होती, कारण जुनी चिप बाजारात मिळेनाशी झाली होती. मी स्वतः सॉफ्टवेअरच्या बाजूचा, आणि माझ्याकडे एक भक्कम वाटणारा पुरावाही होता. जुन्या आणि नव्या युनिटांवर चालणाऱ्या कर्नलचा चेकसम, म्हणजे फायलीच्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा, एकच होता. डीटीबीचाही एकच होता. एवढ्यावर न थांबता मी चालू यंत्रावरील प्रॉक फोल्डरमधले डिव्हाइस ट्री उघडून दोन्हीकडच्या नोंदी एकेक करून ताडून पाहिल्या. त्यांत एका बाइटचाही फरक नव्हता. कर्नल सुरू होतानाचा लॉगही ओळीला ओळ जुळत होता. आमच्या हार्डवेअरच्या मॅडमनी हे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "म्हणजे सॉफ्टवेअर सारखं, वर्णन सारखं, तेव्हा फरक माझ्या बोर्डातच, असंच ना? बरं. मग मला एक चुकीचा आकडा दाखवा. सरासरी नको, आलेख नको, एक आकडा."

ती मागणी योग्य होती, आणि मी ती आधीच स्वतःकडे करायला हवी होती. आलेखात काटा दिसतो, पण काट्यात बिटे दिसत नाहीत. आम्ही एका नव्या युनिटच्या इनपुटला स्थिर व्होल्टेज दिले, युनिट ओव्हनमध्ये ठेवून तापमान ६० अंशांवर नेले आणि कच्चे आकडे फायलीत साठवले. सातव्या चॅनलवर खरा आकडा २१३४० च्या आसपास होता. शेकडो वाचनांत एखाद्या वेळी तिथे २३३८८ येत होता. फरक नेमका २०४८. दुसऱ्या एका चॅनलवर चुकीचा आकडा खऱ्यापेक्षा कमी येत होता, पण तिथेही फरक २०४८ चाच. दोनचा अकरावा घात. म्हणजे १६ डेटा लाइनपैकी एकच लाइन, अकरा क्रमांकाची, चुकत होती. शिवाय ती कशीही चुकत नव्हती. चुकीच्या क्षणी त्या लाइनवर त्याआधी वाचलेल्या चॅनलचा बिट तसाच राहिलेला दिसत होता. आधीच्या आणि आत्ताच्या चॅनलचा तो बिट सारखा असेल तर चूक झाली तरी दिसतच नव्हती.

अशा चुकीचा अर्थ बहुधा एकच असतो. एफपीजीएने नवा आकडा लाइनवर ठेवण्यापूर्वीच प्रोसेसर तो वाचून मोकळा होत होता.

मॅडमनी ऑसिलोस्कोपचा एक प्रोब आउटपुट एनेबलच्या, म्हणजे एफपीजीएला आकडा ठेवायला सांगणाऱ्या, लाइनवर आणि दुसरा अकरा क्रमांकाच्या डेटा लाइनवर लावला. वाचनाचे चक्र सुरू झाल्यापासून ३० नॅनोसेकंदांनी आउटपुट एनेबल खाली जात होते. एफपीजीए स्वतःच्या ५० मेगाहर्ट्झच्या घड्याळावर चालते. बाहेरून आलेली मागणी ते आधी आपल्या घड्याळाशी जुळवून घेते आणि मगच उत्तर देते. मागणी घड्याळाच्या कोणत्या क्षणी येऊन आदळली यावर उत्तराला दोन ठोके लागतात की जवळजवळ तीन, हे ठरते, आणि एक ठोका २० नॅनोसेकंदांचा आहे. त्यामुळे स्कोपच्या पडद्यावर डेटा लाइनची कड एका जागी उभी नव्हती; ती एका रुंद पट्ट्यासारखी दिसत होती. वातानुकूलित खोलीत त्या पट्ट्याचे उजवे टोक १०४ नॅनोसेकंदांवर होते. ओव्हनमध्ये ते सरकत १११ ते ११२ वर गेले. बाकीच्या ज्या लाइन आम्ही तपासल्या, त्या १०५ च्या आत होत्या. अकरा क्रमांकाची लाइन बोर्डावर सर्वांत लांब वळसा घेऊन येते, हे लेआउट उघडल्यावर लगेच कळले. पण तो वळसा जुन्या नऊ बोर्डांतही तसाच होता, आणि जुने बोर्ड त्याच ओव्हनमध्ये ठेवल्यावर त्यांची डेटा लाइनही ११२ पर्यंतच गेली. हार्डवेअर दोन्हीकडे सारखेच वागत होते. तरी जुन्या बोर्डावर एकही चूक होत नव्हती.

स्कोपवर फरक दिसला तो दुसऱ्याच ठिकाणी. जुन्या बोर्डावर आउटपुट एनेबल बराच वेळ खाली राहत होते आणि नव्यावर ते लवकर वर जात होते. म्हणजे कंट्रोलर दोन्हीकडे वेगवेगळ्या वेळापत्रकाने चालत होता, आणि तेही वर्णन तंतोतंत सारखे असताना. मॅडम माझ्याकडे पाहून काहीच बोलल्या नाहीत, हे मी त्यांच्या समजूतदारपणाच्या खात्यात जमा केले.

जीपीएमसी प्रत्येक चिप सिलेक्टसाठी एक वेळापत्रक बाळगतो: चिप सिलेक्ट कधी खाली न्यायचे, आउटपुट एनेबल कधी, डेटा नेमका कोणत्या क्षणी उचलायचा, चक्र कधी संपवायचे. ही वेळ तो आपल्या घड्याळाच्या ठोक्यांत मोजतो. आमच्या प्रोसेसरवर ते घड्याळ १०० मेगाहर्ट्झचे आहे, म्हणून एक ठोका १० नॅनोसेकंदांचा. डिव्हाइस ट्रीमध्ये या वेळा नॅनोसेकंदांत लिहायच्या असतात आणि ड्रायव्हर त्यांचे ठोके करताना वरच्या पूर्णांकाला नेतो. आमच्या डीटीएसमध्ये एफपीजीएच्या पानावर नाव होते, पत्ता होता, बसची रुंदी होती. वेळा मात्र नव्हत्या. एकही नाही.

वेळा नसतील तर काय होते? मी इतके दिवस असे गृहीत धरून चाललो होतो की ड्रायव्हर स्वतःची काहीतरी सुरक्षित किंमत भरत असेल. ड्रायव्हरचा कोड उघडल्यावर दिसले की तो तसे काही करत नाही. पानावर चिप सिलेक्टच्या वाचन-समाप्तीची वेळ सापडली नाही, की तो वेळापत्रकाला हात न लावता पुढे जातो आणि कंट्रोलरच्या रजिस्टरांत आधीच जे काही असेल तेच कायम राहते. आधीचे म्हणजे बूटलोडरने भरलेले. ही सवलत जाणूनबुजून ठेवलेली आहे, कारण काही उपकरणे एफपीजीएमार्फत जोडलेली असतात आणि त्यांच्या वेळा बूटलोडरलाच ठाऊक असतात, असे त्या जागी टिपणही लिहिलेले आहे. शिवाय ड्रायव्हर हे गुपचूप करत नाही. तो लॉगमध्ये ठळक इशारा छापतो, ज्याचा आशय असा की जीपीएमसीचे डीबगिंग चालू करा आणि या चिप सिलेक्टच्या वेळा डीटीएसमध्ये लिहा.

हा इशारा आमच्या लॉगमध्ये जानेवारीपासून होता. तो मी पाहिलाही होता. पण तो जुन्या, नीट चालणाऱ्या युनिटांवरही तसाच्या तसा येत होता, आणि जे दोन्हीकडे सारखे आहे ते फरकाचे कारण असू शकत नाही, असा तर्क करून मी तो बाजूला सारला होता. तर्क ऐकायला चोख वाटतो. त्यातली खोट अशी की इशारा सारखा असला तरी तो ज्या उसनवारीबद्दल बोलत होता, ती उसनवारी दोन्हीकडे वेगवेगळ्या सावकाराकडून होती.

रबाळ्यात जानेवारीत आम्ही नऊ युनिटांचे कर्नल आणि डीटीबी बदलले, पण बूटलोडरला हात लावला नव्हता. जागेवर बूटलोडर बदलताना वीज गेली तर युनिट दगड होऊन बसते आणि तो धोका कोणी घेत नाही. एप्रिलच्या बॅचसाठी रॅमची चिप बदलली म्हणून बूटलोडरची नवी आवृत्ती घ्यावी लागली. जुन्या बूटलोडरवर आमची स्वतःची एक दुरुस्ती होती, जी चिप सिलेक्ट १ च्या वेळा भरत असे. नव्या आवृत्तीवर ती दुरुस्ती चढवताना संघर्ष आला, म्हणजे दोन्हीकडचे बदल आपोआप जुळेनात, आणि तो सोडवताना आमच्यापैकीच कोणीतरी त्या जागी नॉर फ्लॅश या मेमरीसाठी असलेल्या नमुन्याच्या वेळा राहू दिल्या. कोणी, हे आवृत्ती-नोंदीत दिसते; त्या दिवशी संध्याकाळी सहाला माल पाठवायचा होता, हेही मला आठवते, कारण ती नोंद माझ्याच नावावर आहे.

डीबगचा पर्याय चालू करून कर्नल पुन्हा बांधला, तेव्हा त्याने बूटलोडरकडून मिळालेल्या वेळा छापून दाखवल्या. जुन्या युनिटवर डेटा उचलण्याचा क्षण १४० नॅनोसेकंद होता आणि नव्यावर ११०. थंडीत डेटा १०४ ला येतो, तोवर ११० पुरतात. पॅनेल तापले की ११२ लागतात आणि ११० पुरत नाहीत. दोन नॅनोसेकंदांची ही तूट, तीही एफपीजीएचे घड्याळ नेमके प्रतिकूल टप्प्यावर असेल तेव्हाच, आणि तीही मागचा बिट वेगळा असेल तरच दिसणार. आमच्या कार्यालयातील चाचणीत दोन आठवडे काहीच का सापडले नाही, याचे उत्तर एवढेच की आमच्याकडे एसी चालू असतो.

दुरुस्ती सरळ वाटली आणि म्हणूनच पहिल्यांदा चुकली. मी एफपीजीएच्या पानावर वाचनाच्या वेळा लिहिल्या: आउटपुट एनेबल ३० ला खाली, डेटा १५० ला उचलायचा, आउटपुट एनेबल आणि चिप सिलेक्ट १७० ला वर, चक्र १९० ला पूर्ण. ओव्हनमध्ये रात्रभर चालवल्यावर एकही चुकीचा आकडा आला नाही. सकाळी मात्र लक्षात आले की चॅनलचा गेन (सिग्नल किती पट वाढवायचा ते) बदलण्याची आज्ञा एफपीजीएपर्यंत पोहोचतच नाही. कारण शोधायला फार वेळ लागला नाही. वाचन-समाप्तीची वेळ पानावर दिसली की ड्रायव्हर उसनवारी पूर्ण बंद करतो आणि सगळे वेळापत्रक पानावरूनच भरतो. जी वेळ लिहिलेली नाही तिथे शून्य जाते. लेखनाच्या वेळा मी लिहिल्याच नव्हत्या, त्यामुळे राइट एनेबल ही लेखनाची लाइन शून्याला खाली आणि शून्यालाच वर, म्हणजे प्रत्यक्षात कधीच नाही. इतके दिवस त्या वेळा बूटलोडरच्या कृपेने ठीक होत्या. या कंट्रोलरचे वर्णन अर्धे देता येत नाही: एक तर काहीच देऊ नये, नाहीतर सगळे द्यावे.

लेखनाच्या वेळाही स्कोपवर मोजून लिहिल्या. चक्र लांबल्याने वेग घटेल अशी एक शंका बैठकीत निघाली होती. १६ चॅनल प्रत्येकी १९० नॅनोसेकंदांनी वाचायला साधारण ३ मायक्रोसेकंद लागतात आणि आम्ही सेकंदाला एक हजार फेऱ्या करतो, म्हणजे फेरीमागे हजार मायक्रोसेकंद हाती असतात. शंका तिथेच संपली. वेळांच्या रजिस्टरात पाच बिटे असल्याने ३१ ठोक्यांपर्यंत, म्हणजे ३१० नॅनोसेकंदांपर्यंत, जाता येते. त्यापलीकडे गरज पडली तर ठोक्याची मोजणी दुप्पट करण्याची वेगळी नोंद आहे, पण आम्हाला तिची गरज पडली नाही.

डिव्हाइस ट्रीसाठी आता यॅमल या मजकूर-स्वरूपात लिहिलेल्या स्कीमा, म्हणजे नोंदी कशा असाव्यात याचे नियम, असतात आणि त्यांच्याविरुद्ध डीटीबी तपासता येते, तेव्हा ही चूक त्या तपासणीत सापडली नसती का, असे एका सहकाऱ्याने विचारले. नसती. स्कीमा नोंदीचे नाव, प्रकार आणि खणांची संख्या पाहते. वेळ लिहिली नाही म्हणून ती अडत नाही, आणि १५० च्या जागी ११० लिहिले तरी तिला दोन्ही सारखेच वैध वाटतात. ११२ हा आकडा कोणत्याही फायलीत नव्हता. तो प्रोबच्या टोकाला होता. म्हणून आता डीटीएसमधील प्रत्येक वेळेच्या वर एक टिपण्णी असते, जिच्यात ती वेळ कोणत्या बोर्डावर, कोणत्या तापमानाला आणि कोणत्या लाइनवर मोजली ते लिहिलेले असते. त्या टिपण्ण्या मॅडम लिहितात, मी नाही.

बूटलोडरमधील चिप सिलेक्ट १ च्या वेळा आम्ही काढून टाकल्या, जेणेकरून डीटीएसमध्ये कधी नोंद राहून गेलीच, तरी बूटलोडरकडून उसन्या वेळा मिळणार नाहीत. बारीक डोकेदुखी एक उरली आहे. रबाळ्याच्या जुन्या नऊ युनिटांत तो जुना, बरोबर वेळा भरणारा बूटलोडर अजून तसाच आहे, आणि त्यांच्यावर चुकून जुनी डीटीबी चढवली गेली तर ती मुकाट चालतील आणि लॉगमधला तो इशारा पुन्हा निरुपद्रवी वाटू लागेल. दिवाळीच्या शटडाउनमध्ये ती नऊही युनिटे वागळे इस्टेटला आणून त्यांचे बूटलोडर बदलायचे ठरले आहे. सुपरवायझर म्हणाले, "आणा नेऊन, पण पॅनेलची दारं तुमचीच माणसं बसवून देतील, मागच्या वेळी दोन स्क्रू कमी होते."